होशंगाबादची प्रश्नपत्रिका

आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन आणि घन करायला शिकवणारे अरविंद गुप्ता महाराष्ट्रातल्या शिक्षकांना चांगले ओळखीचे आहेत. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून त्यांनी केलेली खेळणी आणि त्यांच्या पुस्तकांचे मराठी अनुवाद शिबिरांतून, वाचनालयांतून गावोगाव पोहोचले. या आगकाड्यांचा जन्म मात्र पुण्यातला नाही. १९७८ साली गुप्ता टेल्कोतून रजा घेऊन मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले होते. तिथल्या सरकारी शाळांत चाललेल्या एका विज्ञान कार्यक्रमासाठी स्वस्त साहित्य शोधताना ही जोडणी त्यांना सापडली. तो कार्यक्रम म्हणजे होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ साली १६ शाळांत तो सुरू झाला, ३० वर्षे चालला आणि २००२ साली सरकारी आदेशाने बंद झाला. आपल्याकडे त्यातली खेळणी आली, पण ज्या व्यवस्थेमुळे ती खेळणी खेड्यातल्या साध्या वर्गात रोजच्या अभ्यासाचा भाग होऊ शकली, ती व्यवस्था आली नाही. प्रयोगातून, स्वतः करून विज्ञान शिकवणे हे साहित्यापेक्षा परीक्षेवर आणि शिक्षकाला मिळालेल्या अधिकारावर अवलंबून असते, हे होशंगाबादच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके ते भारतात दुसरीकडे क्वचितच दिसेल.

'करून शिका' हा विचार १९७२ साली नवा नव्हता. इंग्लंडमध्ये रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी १८८०च्या दशकापासून शोधपद्धतीचा पुरस्कार केला होता. मुलाला निष्कर्ष सांगू नयेत, त्याला संशोधकाच्या जागी उभे करावे, असा त्यांचा आग्रह होता. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. स्पुटनिकच्या सुमारास अमेरिकेत आणि १९६०च्या दशकात नफील्ड प्रतिष्ठानच्या मदतीने इंग्लंडमध्ये शालेय विज्ञानाची पुस्तके नव्याने लिहिली गेली. युनेस्कोने १९५६ साली शिक्षकांसाठी साध्या वस्तूंच्या प्रयोगांचे मोठे संदर्भपुस्तक काढले. भारतात १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने पहिल्या दहा इयत्तांत विज्ञान सक्तीचे करण्याची शिफारस केली. अशा रीतीने विज्ञान खेड्यातल्या शाळेपर्यंत पोहोचले, परंतु ते पोहोचले पाठांतराच्या रूपात. प्रयोगाचे साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशी चार शीर्षके पुस्तकात छापलेली असत आणि मुले ती तशीच पाठ करत. निरीक्षणही पाठ आणि अनुमानही पाठ. याहून मोठी विसंगती शिक्षणात शोधूनही सापडणार नाही.

ही विसंगती पहिल्यांदा कोणाला जाचली, तर काम करणाऱ्या वैज्ञानिकांना. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस महापालिकेच्या शाळांत प्रयोगांवर आधारलेले विज्ञान शिकवून पाहिले. अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेचा भौतिकशास्त्र अभ्यासगटही त्याच दिशेने काम करत होता. डून स्कूलचे शिक्षक बी. जी. पित्रे हे त्यातले एक महत्त्वाचे नाव. त्याच टाटा संस्थेतील रेण्वीय जीवशास्त्रज्ञ अनिल सद्गोपाल यांनी नोकरी सोडून होशंगाबाद जिल्ह्याच्या बनखेडी परिसरात पलिया पिपरिया या गावी 'किशोर भारती' ही संस्था उभी केली. होशंगाबाद शहरालगत रसूलिया येथे क्वेकर पंथीयांचे जुने ग्रामकेंद्र होते आणि सुदर्शन कपूर ते चालवत होते. या दोन संस्थांनी मिळून राज्य सरकारकडे परवानगी मागितली. खाजगी शाळा काढायची नव्हती, निवडक हुशार मुलेही नको होती. हवी होती ती साधी सरकारी शाळा, तिथलेच शिक्षक आणि सहावी ते आठवीचा वर्ग. सरकारने १६ शाळांसाठी परवानगी दिली. १९७२च्या उन्हाळ्यात शिक्षकांचे पहिले प्रशिक्षण झाले. पुढच्या काळात दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकांचा मोठा गट या कामात आला. यशपाल आणि व्ही. जी. कुलकर्णी या टाटा संस्थेतल्या वैज्ञानिकांचे पाठबळ तर सुरुवातीपासूनच होते.

सरकारी शाळेचा हा आग्रह ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. मुंबईत विज्ञान शिक्षक संघटनेची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा कित्येक वर्षे चालू आहे. तिच्यातही प्रयोग आहेत, प्रकल्प आहेत आणि अनेक मुलांना तिने विज्ञानाची गोडी लावली. मात्र ती चाळणी आहे. लेखी परीक्षेत वर आलेली मुले प्रयोगापर्यंत पोहोचतात. होशंगाबादने उलट बाजू धरली. ज्या मुलांच्या घरात पुस्तक नव्हते, ज्यांच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती, ज्यांचे शिक्षक स्वतः कधी प्रयोग करून शिकले नव्हते, अशा सर्वांनाच प्रयोग करता आला पाहिजे, हे तिथले गृहीत होते. १९७८ साली राज्य सरकारने कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात, २००हून अधिक शाळांत नेला, तेव्हा हे गृहीत खऱ्या अर्थाने कसाला लागले. स्वखुशीने आलेले १६ शाळांचे शिक्षक आणि आदेशाने आलेले शेकडो शिक्षक यांत फार अंतर असते.

वर्गात काय चाले ते आता पाहू. 'बालवैज्ञानिक' या नावाची तीन वर्गांची तीन पुस्तके होती आणि ती राज्याच्या पाठ्यपुस्तक निगमने छापली होती. त्यांत उत्तरे जवळजवळ नव्हती. सूचना होत्या, प्रश्न होते, मोकळे तक्ते होते. मुले चौघाचौघांच्या टोळीत बसत, प्रयोग करत, पाहिलेले आपल्या वहीत आपल्या शब्दांत लिहीत आणि मग सगळ्या टोळ्यांची निरीक्षणे फळ्यावर मांडून चर्चा होई. पाने गोळा करून त्यांचे गट पाडायचे. रोप मुळासकट उपटून मुळाचा प्रकार आणि पानाच्या शिरांची रचना यांत काही नाते दिसते का, ते तपासायचे. शेणात अळ्या आपोआप पडतात ही समजूत तपासण्यासाठी शेणातली अंडी बरणीत ठेवून रोज पाहायची, अळी, कोष, माशी अशा अवस्था नोंदवायच्या. नाणे पुन्हापुन्हा उडवून छाप-काटा मोजायचे आणि वर्गातले सगळे आकडे एकत्र केले की चित्र कसे बदलते ते पाहायचे. संभाव्यतेचा हा धडा त्या वयाच्या मुलांसाठी त्या काळात धाडसीच होता. आज मागे वळून पाहताना मला तो पुस्तकातला सर्वांत दूरदृष्टीचा धडा वाटतो. एका मापनावर विश्वास ठेवू नये, मापनात घटबढ असतेच आणि ती लपवायची नसून मांडायची असते, हे मुलांना नववीच्या आधी कळणे ही फार मोठी कमाई आहे. त्या मोकळ्या तक्त्यांतही एक धोरण होते. मुलाने पाहिलेले पुस्तकातल्या अपेक्षेशी जुळले नाही, तर काय पाहिले तेच लिहायचे असे शिक्षकांना बजावलेले असे. निरीक्षण 'दुरुस्त' करण्याची आपल्या शाळांतली सवय मोडणे हे प्रयोगाचे सामान मिळवण्याहून अवघड काम होते.

सामान स्वस्त होते आणि शक्य तिथे गावातच मिळेल असे होते. विच्छेदनाच्या सुईच्या जागी बाभळीचा काटा, परीक्षानळीच्या जागी इंजेक्शनची रिकामी बाटली. स्वस्त साहित्य म्हणजे निकृष्ट साहित्य, असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई. परंतु काटा निवडण्यामागे काटकसरीपेक्षा मोठा विचार होता. शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेली महागडी सुई मुलाच्या हातात कधीच येत नाही, कारण ती हरवली तर शिक्षकाला जाब द्यावा लागतो. बाभळीचा काटा मोडला तर दुसरा आणता येतो. वस्तू मोडण्याची भीती गेली की प्रयोग मुलाच्या हाती जातो. हा विचार पुढे अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांतून देशभर पोहोचला आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र इथेच आपल्या समजुतीत एक खोट राहिली. साहित्य स्वस्त केले की प्रयोग आपोआप वर्गात येतील, असे आपण धरून चाललो. होशंगाबादच्या लोकांनी तसे कधीच धरले नव्हते.

त्यांनी सर्वांत आधी हात घातला तो परीक्षेला. मध्य प्रदेशात आठवीची परीक्षा तेव्हा बोर्डाची होती आणि तिच्यावर शाळेची अब्रू ठरत असे. प्रयोग करणाऱ्या मुलांची परीक्षा जुन्याच पद्धतीने झाली असती, तर पहिल्याच वर्षी शिक्षकांनी वहीत उत्तरे उतरवून दिली असती, आणि त्यात त्यांचा दोषही नसता. म्हणून सरकारकडून स्वतंत्र विज्ञान परीक्षेची परवानगी मिळवण्यात आली. तिच्यात लेखी आणि प्रायोगिक असे दोन भाग होते. लेखी परीक्षेत मुलांनी आपले पुस्तक आणि आपली वही सोबत आणायची मुभा होती. पुस्तक समोर असताना व्याख्या विचारण्यात अर्थच उरत नाही. त्यामुळे प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना नवी परिस्थिती, नवे आकडे, नवी आकृती द्यावी लागे आणि त्यावरून मुलाला विचार करायला लावणारे प्रश्न रचावे लागत. प्रायोगिक परीक्षेत प्रत्येक मुलाला स्वतः प्रयोग करून दाखवावा लागे. आणखी एक गोष्ट घडली. मुलाची स्वतःची वही परीक्षेत उपयोगी पडणार असल्याने वर्षभर ती नीट ठेवण्याला किंमत आली. शेजाऱ्याची वही उतरवून काढली असेल, तर परीक्षेत ती कामाची नाही हे मुलाला लवकरच कळे. एका नियमाने वर्गातली लेखनाची सवय बदलली. वर्षभर उपदेश करून ते साधले नसते.

प्रश्नपत्रिकेइतकेच महत्त्व शिक्षकाच्या स्थानाला होते. प्रत्येक इयत्तेसाठी उन्हाळ्यात सुमारे तीन आठवड्यांचे निवासी प्रशिक्षण असे आणि त्यात शिक्षक मुलांसारखेच टोळीत बसून तेच प्रयोग करत. प्रशिक्षणाला टाटा संस्थेचा शास्त्रज्ञ असो की दिल्लीचा प्राध्यापक, उत्तर सांगून मोकळे व्हायचे नाही हा दंडक त्यांनाही लागू होता. शाळा सुरू झाल्यावर परिसरातल्या शाळांचे शिक्षक दर महिन्याला 'संगम केंद्रा'त जमत. अडलेले प्रयोग, मुलांनी विचारलेले पेचाचे प्रश्न, पुस्तकातल्या चुका यांवर तिथे चर्चा होई. 'अनुवर्तन' म्हणजे शाळेत जाऊन वर्ग पाहणे आणि मदत करणे. तपासणी अधिकाऱ्याच्या शेऱ्यापेक्षा ते वेगळे होते. शिक्षकांतूनच 'स्रोतगट' तयार झाला आणि पुढच्या शिक्षकांना शिकवणे, प्रश्नपत्रिका काढणे, पुस्तक सुधारणे ही कामे त्याने केली. 'होशंगाबाद विज्ञान' ही पत्रिका शिक्षकांसाठी निघे आणि मुलांसाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र होते. जिल्ह्यातली मुले त्याला पत्रे लिहून मनातले प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरे जात. प्रवासभत्ता, बैठकीला जाण्याची अधिकृत परवानगी, साहित्य भरून देण्याची तरतूद, या सगळ्याला सरकारी आदेश होते. कागदपत्रांतले हे भाग वाचायला रुक्ष आहेत, पण कार्यक्रमाचे खरे प्राण तिथे होते. शनिवारी दुपारी दहा मैलांवरच्या बैठकीला सायकलवरून जाणाऱ्या शिक्षकाला ती कर्तव्यात धरली जाते की रजेत, यावर ती बैठक दुसऱ्या वर्षी भरते की नाही हे ठरते.

१९८२ साली 'एकलव्य' ही संस्था या कामासाठी स्थापन झाली आणि किशोर भारती व रसूलिया केंद्राकडून कार्यक्रमाची जबाबदारी तिच्याकडे आली. तिने इतर जिल्ह्यांत शाळांचे छोटे समूह निवडून काम पसरवले. कार्यक्रम बंद झाला तेव्हा तो १५ जिल्ह्यांतल्या सुमारे १,००० शाळांत आणि जवळपास एक लाख मुलांपर्यंत पोहोचलेला होता. संपूर्ण राज्यात तो नेण्याचे प्रस्ताव मात्र प्रत्यक्षात आले नाहीत. अनेक वर्षे तो एक मान्य अपवाद म्हणून जगला.

या कार्यक्रमावरचे आक्षेप हलके नव्हते आणि त्यांना उत्तर देताना हात आखडता घेऊन चालणार नाही. पहिला आक्षेप आर्मस्ट्राँगच्या काळापासूनचा आहे. न्यूटनला जे सुचायला शतकांचा पाया लागला, ते सहावीच्या मुलाने दोन तासांत स्वतः शोधावे, ही अपेक्षाच खोटी आहे. हा आक्षेप शोधपद्धतीच्या टोकाच्या रूपाला लागू पडतो. इंग्लंडमध्ये १९१६ साली नेमलेल्या समितीच्या अहवालातही वर्गात मोजमापे अति झाली आणि विज्ञानाचा विस्तार मुलांना दिसलाच नाही, अशा स्वरूपाची टीका झाली होती. पण 'बालवैज्ञानिक' पुस्तकांनी अणू-रेणूंसारखे अमूर्त विषय त्या वयात जाणूनबुजून दूर ठेवले. ज्या गोष्टी मुलाला पाहून, मोजून, गट पाडून खरोखर ठरवता येतात त्याच घेतल्या. शिवाय मुलाला मोकळे सोडले नव्हते. प्रश्नांचा क्रम पुस्तकाने ठरवलेला होता आणि चर्चेत शिक्षक उभा होता. म्हणजे आर्मस्ट्राँगवरची टीका त्यांनी ऐकली होती आणि तिच्यातून धडा घेतला होता.

दुसरा आक्षेप याच निवडीतून निघतो आणि तो अधिक बोचरा आहे. अणू-रेणू वगळले, माहिती कमी दिली, तर आठवीनंतर नववीत जाणाऱ्या मुलाचे काय? तिथे पुस्तक जुनेच, परीक्षा जुनीच, आणि शेजारच्या जिल्ह्यातला मुलगा व्याख्या पाठ करून आलेला. पालकांची ही काळजी खरी होती आणि २००२ सालच्या वादात ती पुढे आली. मला वाटते, कार्यक्रमाची सर्वांत मोठी कमतरता हीच होती. ३० वर्षांत तो आठवीच्या भिंतीपलीकडे गेला नाही. त्यासाठी केवळ एकलव्यला जबाबदार धरणे बरोबर नाही, कारण नववी-दहावीचा अभ्यासक्रम बदलणे राज्याच्या हाती होते. तरीही सहावी ते आठवीत एक न्याय आणि नववीत दुसरा, याची किंमत मुलांनी भरली, हे मान्य करावे लागते. मात्र यावरून निघणारा निष्कर्ष काय? सरकारने काढला तो निष्कर्ष असा की, खालचे वर्ग वरच्यासारखे करावेत. नववीची प्रश्नपत्रिका बदलावी, हा दुसरा आणि अधिक न्याय्य निष्कर्ष कोणी गंभीरपणे तपासलाच नाही.

तिसरा आक्षेप असा की, हे सारे दिल्ली-मुंबईच्या विद्वानांच्या खांद्यावर उभे होते. सुरुवातीच्या काळापुरते ते खरे आहे. परंतु १९८०नंतर प्रशिक्षणाचा आणि प्रश्नपत्रिकांचा मोठा भार स्थानिक शिक्षकांनीच उचलला. बाहेरून येणाऱ्यांचे महत्त्वाचे योगदान वेगळेच होते. विद्यापीठातला प्राध्यापक प्राथमिक-माध्यमिक शाळेच्या शिक्षकाशी बरोबरीने बसून एखाद्या निरीक्षणावर वाद घालतो आणि 'मला माहीत नाही, करून पाहू' असे म्हणतो, हे दृश्य आपल्या शिक्षणव्यवस्थेत आजही विरळ आहे. शिक्षकाला 'मला माहीत नाही' म्हणण्याची मोकळीक मिळाली, तरच तो ती मुलाला देऊ शकतो. चौथा आक्षेप, की पुष्कळ शाळांत प्रयोग होतच नसत, साहित्य संपले की महिनोन्‌महिने येत नसे आणि शिक्षक सरळ उत्तरे सांगत. तेही ठिकठिकाणी खरे होते. पण ते माझ्या म्हणण्याचे खंडन नसून पुरावा आहे. साहित्याची भरपाई, बैठकीचा भत्ता, अनुवर्तनाची फेरी यांत ढिलाई आली, तिथे प्रयोग थांबले. पुस्तक तेच होते आणि मुलेही तशीच होती.

२००२ साली काय झाले ते थोडक्यात असे. जिल्ह्यातून, विशेषतः इटारसीकडच्या आमदारांकडून, कार्यक्रम बंद करण्याची मागणी झाली. जिल्हा नियोजन समितीने तशी शिफारस केली आणि राज्य सरकारने त्या वर्षीच्या जुलैपासून सगळ्या शाळांत राज्याचा सामान्य अभ्यासक्रम लागू केला. देशभरातल्या वैज्ञानिकांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी पत्रे लिहिली, वृत्तपत्रांत लेख आले. एकलव्यचा सामाजिक शास्त्रांचा कार्यक्रमही त्याच वेळी थांबवला गेला. जो कार्यक्रम परवानगीच्या एका कागदावर सुरू झाला होता, तो मनाईच्या एका कागदावर संपला. स्वतंत्र परीक्षा, स्वतंत्र पुस्तक, शिक्षकांच्या बैठका हे सर्व सरकारने उसने दिलेले अधिकार होते आणि ३० वर्षांत ते कायद्याने किंवा मंडळाच्या नियमाने पक्के झाले नव्हते. मग अवघ्या तीन वर्षांनी, २००५ साली, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष यशपाल होते आणि मुलाने स्वतः अनुभवातून ज्ञान रचावे हे तत्त्व संपूर्ण देशासाठी मान्य झाले. तत्त्व दिल्लीत मान्य होत असताना होशंगाबादच्या शाळांत ते लागू करण्याची यंत्रणा मोडून झालेली होती.

महाराष्ट्रातही या प्रश्नाची उत्तरे शोधली गेली. टाटा संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले आणि व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांचे काम झाले. पाठ्यपुस्तकातली क्लिष्ट भाषा सोपी केली की मुलांचे आकलन सुधारते, हे या केंद्राच्या अभ्यासातून पुढे आले. खेड्यातले मूल विज्ञानात कच्चे असते ते बुद्धीने नव्हे, पुस्तकाच्या संस्कृतप्रचुर मराठीमुळे, हा निष्कर्ष आपल्या पाठ्यपुस्तक मंडळींनी आजही समोर ठेवावा असा आहे. दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचे. हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक असलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला. शेती, यंत्रे, वीज, घरबांधणी, अन्न अशा प्रत्यक्ष कामांतून मुलांना विज्ञान शिकवायचे आणि ती कामे गावाच्या उपयोगाची असायची. कलबागांनी एक गोष्ट फार चिकाटीने केली. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्य मंडळाने आठवी ते दहावीसाठी पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य करावा यासाठी ते झटले आणि ती मान्यता मिळाली. विषय मंडळाच्या यादीत आला, त्याला गुण मिळाले, आणि संस्थापक गेल्यानंतरही तो वेगवेगळ्या शाळांत चालू राहिला. पाबळची व्याप्ती होशंगाबादइतकी नव्हती आणि तो विज्ञानाच्या मुख्य विषयाला पर्यायही नव्हता. तरी टिकाऊपणाचा प्रश्न निघाला की ही तुलना टाळता येत नाही.

आज आपल्या शिक्षक-प्रशिक्षणांत ज्ञानरचनावाद हा शब्द रूढ आहे, २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अनुभवाधारित शिक्षणाचा पुरस्कार आहे आणि शाळांना प्रयोगशाळांसाठी संच दिले जातात. दहावीच्या विज्ञानात ४० गुणांचे दोन लेखी भाग आणि २० गुण प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनाचे अशी रचना आहे. हे २० गुण बहुतेक ठिकाणी बहुतेक मुलांना कसे मिळतात, हे शिक्षकांना आणि पालकांना वेगळे सांगायला नको. आठवीपर्यंतच्या परीक्षांची सूत्रे शिक्षण हक्क कायद्यानंतर बरीच शाळेच्याच हाती आली, म्हणजे होशंगाबादला मागून घ्यावी लागलेली मोकळीक आपल्या शाळांना काही प्रमाणात आयतीच मिळालेली आहे. ती वापरली जात नाही, कारण शिक्षकाला तसा प्रश्न काढायचा वेळ, सोबत आणि अधिकार कोणी देत नाही. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या पालकांना आणि मुख्याध्यापकांना विनंती आहे. नव्या प्रयोगसंचाची मागणी करण्याआधी आपल्या शाळेची सहावी ते आठवीची मागच्या सहामाहीची विज्ञानाची प्रश्नपत्रिका समोर घ्या. पुस्तक उघडे ठेवूनही ज्यांचे उत्तर विचार केल्याशिवाय लिहिता येणार नाही, असे किती प्रश्न तिच्यात आहेत ते मोजा, आणि पुढची प्रश्नपत्रिका काढताना शेजारच्या चार शाळांचे विज्ञानशिक्षक एकत्र बसतील अशी एक दुपार त्यांना कामाच्या वेळेत द्या.